एनईएफटीचे पैसे दर वेळी परत येतात? कोड कुठे अडतो ते असं शोधा

जुलै उजाडला की आमच्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या निघतात आणि तीन-चार दिवसांत फोन सुरू होतात. "ताई, माझे पैसे नाही आले." बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका छोट्या मराठी मंडळाची मी खजिनदार आहे. मुलांच्या खात्यांत पैसे मीच एनईएफटीनं, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रक्कम पाठवायच्या सोयीनं, वर्ग करते आणि दर वर्षी त्यांतल्या चार-पाच रकमा तरी परत येतात. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी बँकेत धावले. तिसऱ्या वर्षापासून एका वहीत नोंद ठेवायला लागले: कोणाचे पैसे परत आले, किती वेळानं आले, बँकेनं कारण काय दिलं आणि खरं कारण काय निघालं. त्या वहीत आता बरीच पानं भरली आहेत. मुलांची शिष्यवृत्ती, कुणाचं घरभाडं, कुणाचा लाभांश, पुण्याच्या भावानं पाठवलेली रक्कम, सगळ्यांची दुखणी फिरून त्याच चार-पाच जागांवर येतात.

घाईत असाल तर आधी एवढंच करा. आयएफएससी कोड, म्हणजे बँक आणि शाखा ओळखायचा कोड, मोजा, अकरा अक्षरं भरली पाहिजेत. पाचवं अक्षर बघा, ते शून्यच असतं, इंग्रजी ओ कधीच नसतो. आणि तो कोड कधी लिहून घेतला होता ते आठवा. २०२१ च्या आधी घेतला असेल आणि बँक विलीन झालेली असेल, तर पुढचं काही न तपासता नवा कोड मागवा.

आता सविस्तर सांगते.

आयएफएससी कोडाची पहिली चार अक्षरं म्हणजे बँक. स्टेट बँकेची एसबीआयएन, बँक ऑफ बडोदाची बीएआरबी. पाचवं शून्य राखून ठेवलेलं आहे. शेवटची सहा म्हणजे शाखा. बहुतेक बँका इथे आकडे वापरतात, बँक ऑफ बडोदा मात्र बहुधा शाखेच्या नावातली इंग्रजी अक्षरं वापरते, आणि बडोद्यात चुका होतात त्या नेमक्या इथे. अकरापैकी दहा जागी अक्षरं असताना मधलं एकटं शून्य माणसाच्या डोळ्याला ओच वाटतं. त्यात शाखेच्या नावात खराखुरा ओ असेल तर विचारायलाच नको. फोनवर सांगताना तर आपण सगळेच "बी ए आर बी ओ" म्हणून मोकळे होतो आणि लिहिणारा बिचारा ओ लिहितो. मी आता फोनवर "पाचवं शून्य, आकड्यातलं शून्य" असं दोनदा म्हणते आणि समोरच्याकडून परत वाचून घेते.

ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण असा कोड भरला की बहुतेक ॲप जागच्या जागी अडवतं. पैसे निघतच नाहीत. खरा त्रास निघालेल्या पैशांचा.

पैसे निघाले आणि परत आले

मावशी साताऱ्याहून मुलाकडे बडोद्याला राहायला आली तेव्हाची गोष्ट. साताऱ्याच्या घराचं भाडं दर महिन्याला तिच्या खात्यात यायचं, ते अचानक थांबलं. भाडेकरू शपथेवर सांगायचा की मी पाठवतोय, पण माझ्याच खात्यात परत येतंय. मावशी पासबुक घेऊन घडियाळी पोळातून चालत बँकेत गेली. खिडकीतल्या मुलानं भाडेकरूच्या मेसेजमधला कोड बघितला आणि म्हणाला, "बेन, आ कोड खोटो छे." गुजरातीत खोटो म्हणजे चुकीचा. मावशीला तेव्हा जेमतेम दहा शब्द गुजराती येत होतं. ती घरी आली ती रडवेली होऊन. "अगं, खोटा म्हणजे काय? मी कुणाला खोटा कोड देईन होय? मी काय लबाडी केली?"

मी पासबुक उघडून पाहिलं. पहिल्या पानावर जुन्या बँकेचं नाव छापलेलं, त्यावर नव्या बँकेचा जांभळा शिक्का तिरका मारलेला. शिक्क्याखाली अर्धवट झाकलेला कोड तोच, जुन्या बँकेचा. नाव बदललं होतं, कोडावर कुणी रेघसुद्धा मारली नव्हती. मावशीनं त्या पानावरून कोड अगदी बिनचूक उतरवून भाडेकरूला पाठवला होता. त्यात तिची काहीच चूक नव्हती. मेलेला कोड पासबुकावर तसाच राहू देणं ही बँकेची चूक, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सत्तरीच्या बाईनं शिक्क्याखालचा कोड रद्द झालाय हे कुठून ओळखायचं?

विलीनीकरणाचा हा घोळ आपल्याकडे फार पसरलेला आहे, म्हणून थोडं थांबते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आल्या. बीकेडीएन आणि व्हीआयजेबी या अक्षरांनी सुरू होणारे त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. त्या शाखांच्या नव्या कोडात शून्यानंतर देनासाठी डीबी आणि विजयासाठी व्हीजे ही अक्षरं येतात, त्यावरून शाखा मूळची कुठली ते कळतं. १ एप्रिल २०२० ला आणखी मोठी उलथापालथ झाली: ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. यांतल्या कुठल्याही बँकेचं जुनं नाव तुमच्या पासबुकावर असेल, तर पासबुकावरच्या कोडावर विसंबू नका. खाते क्रमांकही तपासून घ्या, कारण विलीनीकरणात कित्येकांचे क्रमांक बदलले आणि नवा कोड जुन्या क्रमांकाला जोडून काही उपयोग नसतो.

मावशीचं प्रकरण तेवढ्यानं मिटलं नाही. नवा कोड मिळवून भाडेकरूला दिला, भाडं सुरू झालं. मग मुलानं तिचं खातं साताऱ्याहून बडोद्याच्या शाखेत आणलं. खाते क्रमांक तोच राहिला, शाखेबरोबर कोड मात्र पुन्हा बदलला. पण या वेळी भाडं अडलं नाही! साताऱ्याच्या शाखेच्या कोडावर पैसे बिनबोभाट बडोद्याच्या खात्यात येत राहिले. मावशी चक्रावली, आणि खरं सांगायचं तर मीही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पैसे शेवटी जमा होतात ते खाते क्रमांकावर. कोड त्या रकमेला योग्य बँकेच्या दारापर्यंत नेतो. आता बँकांच्या सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती संगणक प्रणालीवर चालतात, त्यामुळे बँक बरोबर आणि खाते क्रमांक बरोबर असेल तर शाखा चुकली तरी बहुतेक वेळा पैसे पोचतात. पण त्यावर भिस्त ठेवू नये. जुनी शाखा बंद झाली किंवा दुसऱ्या शाखेत मिसळली की तोच कोड एक दिवस निकामी होतो आणि इतके महिने चालणारा व्यवहार विनाकारण अडल्यासारखा वाटतो. माझ्या वहीत "कालपर्यंत येत होते, आज आले नाहीत" अशा ज्या नोंदी आहेत, त्यांतल्या बऱ्याच या जातीच्या आहेत.

नाव बघतंय कोण?

आपल्या सगळ्यांची एक ठाम समजूत असते की क्रमांकात एखादा आकडा चुकला तरी नाव जुळणार नाही, मग बँक पैसे अडवेल. अडवत नाही. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये (मोठ्या रकमांची तशीच सोय) रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, असं रिझर्व्ह बँकेनं कधीच स्पष्ट केलेलं आहे. म्हणून आकडा चुकला आणि त्या चुकीच्या क्रमांकाचं खातं खरोखर अस्तित्वात असलं, तर पैसे परत येत नाहीत. ते दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसतात.

हे आमच्याच मंडळात झालं आहे. एका मुलीच्या आजीनं चिठ्ठीवर खाते क्रमांक लिहून दिला होता, सुबक मराठी आकड्यांत. मी त्या दिवशी तापानं फणफणले होते, म्हणून भरायचं काम मंडळातल्या दुसऱ्या एका मदतनिसाला दिलं. तो इंग्रजी माध्यमातला. त्यानं मराठी १ ला इंग्रजी नऊ समजून भरलं. शेजारी शेजारी लिहून बघा, वाटोळं डोकं आणि खाली उतरणारी शेपटी, इंग्रजी नऊच तो. मराठी ४ आणि इंग्रजी आठ यांचंही तसंच, घाईत लिहिलेल्या ४ ची वरची दोन टोकं जुळली की झाला आठ. आपल्या शहरात एकाच घरात मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही तऱ्हांचे आकडे चालतात. वाणसामानाच्या यादीत त्यानं बिघडत नाही, खाते क्रमांकात बिघडतं. ती रक्कम एका अनोळखी माणसाच्या खात्यात गेली. त्या माणसानं बँकेचं पत्र मिळाल्यावर पैसे परत केले म्हणून निभावलं, पण मध्ये सात आठवडे गेले आणि मुलीची फी आम्ही वर्गणी काढून भरली. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून सहसा पैसे काढून देत नाही, हे लक्षात असू द्या.

तेव्हापासून मी चिठ्ठी घेत नाही. पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो घेते. आणि एक चांगली सोय आता झाली आहे: १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी बँकांनी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सुविधा द्यायची आहे. खाते क्रमांक आणि कोड भरला की खातं कुणाच्या नावावर आहे ते समोर येतं. ते नाव वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. बँकेच्या खिडकीवरून पाठवत असाल तर तिथेही नाव बघायला सांगा. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

यादी संगणकावर असेल तर

मंडळं, सोसायट्या, ट्रस्ट यांच्या खजिनदारांसाठी हे खास लिहिते, कारण मला हे शोधायला एक पूर्ण दिवस लागला. मुलांची यादी मी एक्सेलमध्ये ठेवत होते. तीन मुलांचे पैसे लागोपाठ दोन वर्षं परत आले, कारण एकच, असं खातं नाही. पासबुकं मागवली, क्रमांक ताडून पाहिले. दोघांच्या क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब होती. तिसऱ्याचा क्रमांक सोळा आकडी होता आणि माझ्या यादीत त्याचा शेवटचा आकडा शून्य झाला होता. एक्सेल पंधराच आकडे नीट धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं. सुरुवातीची शून्यं तर ते बिनकामाची समजून उडवूनच देतं. मी बरोबर टंकत होते आणि यादी माझ्या डोळ्यांदेखत चुकीची होत होती.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. तो रकाना आधी टेक्स्ट म्हणून ठरवा, मगच क्रमांक भरा. आधी भरून नंतर बदललं तर गेलेला आकडा परत येत नाही.

सहकारी बँकेचं खातं

इथे लोक मलाच दटावतात. "ताई, खातं आमच्या सहकारी बँकेत आहे, आणि कोड भलत्याच बँकेचा का सांगताय?" बऱ्याच लहान सहकारी बँका एनईएफटीच्या व्यवस्थेत थेट नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या आधारानं येतात. तेव्हा कोडाची पहिली चार अक्षरं त्या मोठ्या बँकेची असू शकतात. तो कोड चुकीचा नसतो. मात्र अशा वेळी कोड इंटरनेटवर शोधू नका. शाखेत जाऊन विचारा, "बाहेरून पैसे मागवायचे तर कोड काय आणि खाते क्रमांक किती आकडी लिहायचा?" आणि उत्तर शाखेतल्या माणसाकडून लिहूनच घ्या.

पासबुकावर नऊ आकडी एमआयसीआर क्रमांकही असतो, तो धनादेशाचा. बडोद्यातल्या शाखांचा ३९० नं सुरू होतो, आपल्या पिनकोडासारखाच. आयएफएससीच्या रकान्यात तो चालत नाही.

परदेशातल्या मुलांना कोड पाठवणाऱ्यांनी मात्र जपावं. परदेशातून पैसे येतात ते स्विफ्ट कोडावर आणि बँक ऑफ बडोदाचा स्विफ्ट कोडही बीएआरबी या अक्षरांनीच सुरू होतो. लांबीही अकरा असू शकते. ओळखायची खूण पाचव्या जागी आहे: आयएफएससीत तिथे शून्य, स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर आय आणि एन, म्हणजे भारत. अमेरिकेतल्या मुलानं आयएफएससी मागितला तर त्याला दोन्ही पाठवा आणि कुठला कशाचा ते मराठीत लिहा.

परतही आले नाहीत आणि पोचलेही नाहीत

अशा वेळी जीव खालीवर होतो, ते मी जाणते. पण आधी घड्याळ बघा. एनईएफटीच्या रकमा दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी जातात, दिवसाला ४८ तुकड्या, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ही व्यवस्था रात्रंदिवस, रविवारी आणि सणाच्या दिवशीही चालू असते. तुकडी निघाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेनं रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची, असा नियम आहे. म्हणून दोन-अडीच तासांच्या आत फोनाफोनी करून उपयोग नाही. दोन लाख किंवा त्याहून मोठ्या रकमा आरटीजीएसनंही पाठवता येतात, तिथे हिशेब मिनिटांचा असतो.

तेवढा वेळ उलटला तर यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, शोधा. एनईएफटीचा तो सोळा अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. पाठवणाऱ्याच्या खातेउताऱ्यात तो सापडतो. बँकेत जाऊन "माझे पैसे अडकलेत" म्हटलं की लोक इकडून तिकडे पाठवतात, आणि यूटीआर क्रमांक पुढे ठेवला की त्याच खिडकीवर शोध सुरू होतो. हा फरक मी इतक्यांदा पाहिला आहे की आता मुलांना मेसेज करतानाच तो क्रमांक पाठवते. त्यांना आपल्या बँकेत विचारता येतं, मला विचारावं लागत नाही.

बँकेनं उशीर केला तर रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) दोन टक्के जास्त दरानं त्या दिवसांचं व्याज तिनं द्यायचं असतं. अर्जात हे एक वाक्य जरूर लिहा, फार काम करतं. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तरीही पुन्हा पुन्हा तेच होत असेल

मग दोष कोडात नाही, कोड जिथे जिथे लिहून ठेवलाय तिथे आहे. कोड बदलते आपली बँक, पण तो साठवलेला असतो दुसऱ्यांच्या ॲपमध्ये, कचेऱ्यांत, यादीत. एके ठिकाणी दुरुस्त केला की आपण निर्धास्त होतो आणि सहा महिन्यांनी तिसरीकडून पैसे परत येतात. शिवाय बहुतेक ॲपमध्ये साठवलेल्या खात्याचा कोड नुसता बदलता येत नाही. ती जुनी नोंद पुसून नव्यानं भरावी लागते. पाठवणारे नवी भरतात, जुनी पुसत नाहीत आणि पुढच्या महिन्यात सवयीनं पुन्हा जुन्या नावावर बोट ठेवतात. मावशीच्या भाडेकरूनं अगदी हेच केलं होतं. मी त्याला फोनवर धरून ठेवून जुनी नोंद पुसायला लावली आणि मग नव्या नोंदीवर आधी एक रुपया पाठवायला सांगितला. मावशीनं तो आल्याचा मेसेज मला वाचून दाखवला, मगच भाडं पाठव म्हटलं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून एका पानावर लिहून काढलं, हिच्या खात्यात पैसे कोण कोण पाठवतं. भाडेकरू. काकांच्या मागे मिळणारं निवृत्तिवेतन. प्राप्तिकराचा परतावा, म्हणजे तिथल्या संकेतस्थळावर खातं पुन्हा पडताळून घेणं आलं. दोन म्युच्युअल फंड. दोन कंपन्यांचे लाभांश, त्यांतल्या एकीचे शेअर डीमॅटमध्ये, म्हणून बँकेचा तपशील डीमॅट खात्यातच बदलला की झालं. दुसरीचे शेअर अजून कागदी आहेत, त्यासाठी कंपनीच्या रजिस्ट्रारला (शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) रद्द धनादेश जोडून वेगळा अर्ज. पुण्याचा भाऊ, भाऊबिजेला. सगळ्यांपुढे मावशीनं पेन्सिलनं चौकोन काढले आणि काम झालं की ती स्वतः बरोबरची खूण करते. कागदी शेअरवाला चौकोन अजून रिकामा आहे. रजिस्ट्रारनं सही जुळत नाही म्हणून अर्ज परत पाठवलाय, सोमवारी तिला घेऊन बँकेतून सही साक्षांकित करून आणायची आहे.